पसंतीक्रम

नाव : प्रणिता माणिक दुधमल.
टक्के : एकसष्ट पूर्णांक चाळीस.
पुढचा रकाना : पसंतीक्रम एक.

कॅफेतला पोरगा म्हणतो, ताई, कोपा टाकू की शिवण?
पोरी तेच टाकायल्यात.
मी म्हणते, थांब जरा.
माझ्यामागं सात जण, सगळ्यांच्या हातात आधार कार्डाच्या झेरॉक्सी.

वसमतला मोंढ्याच्या मागं
मुश्ताकभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान.
हळद शिजून वाळून पॉलिशची ढोलं फिरायला लागली
की जळक्या मोटारींची रांग लागते तिथं.
उघडावं तर आत पिवळी धूळ,
आणि वास असा
की लग्नघरात कुणी वार्निश जाळलंय.

तीन उन्हाळे मी तिथं आटे मोजले.
एका खाचेत बेचाळीस.
एक्केचाळीस चालत नाहीत.
तांबं खोटं बोलत नाही वगैरे
मुश्ताकभाई कधी म्हणाले नाहीत,
ते फक्त म्हणायचे, परत मोज.

इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं, वीस जागा.
मागल्या वर्षी मुली तीन.
त्यातली एक दिवाळीनंतर आलीच नाही.

आई म्हणते, कुणी विचारलं तर काय सांगू,
मपली लेक खांबावर चढती मनून?
पप्पा काही म्हणत नाहीत.
त्यांनी पेपरची घडी घातली,
उघडली,
परत घातली.

दोघांनाही आठवला असणार सोपान हेंडगे,
करारावरचा, फाट्याजवळच्या डीपीवरचा.
परमिट घेतलं होतं, फोनही लागला होता,
तरी तिकडं कुणीतरी हँडल ओढलं.
हातमोजे आले नव्हते.
चपला मात्र खांबाखाली नीट जोडून ठेवलेल्या,
एकीवर एक नाही, शेजारी शेजारी.

मी मुश्ताकभाईंना विचारलं होतं, भ्या वाटतं का?
ते रॉकेलनं हात पुसत होते.
हाव, म्हणाले. रोज.
आणि पुढची मोटार उघडायला घेतली.

आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी.
तरी मागल्या दारी, जिथं कोळसा मीठ कोळसा मीठ
असे थर मी माझ्या हातानं भरलेत,
त्या अर्थिंगच्या खड्ड्यात
आई रोज तांदूळ धुतलेलं पाणी ओतते.
मी एकदाच सांगितलं होतं,
ओल नसली तर माती वीज घेत नाही.
काहून, असं तिनं विचारलं नाही.
खांबाबद्दल बोलते तेव्हाही
तिच्या हातात तोच तांब्या असतो.

टेस्टरमधला दिवा ज्वारीच्या दाण्याएवढा.
शेपटीवर बोट टेकवलं तरच लागतो.
बोट उचललं की फेज तिथंच, दिवा नाही.
म्हणजे थोडीशी, कळणारही नाही इतकी,
ती आपल्यातून जाते जमिनीत,
तेव्हा कुठं कळतं की ती आहे.
हे मला नववीच्या पुस्तकात नाही,
दुकानाच्या पायरीवर समजलं,
आणि त्या दिवशी जेवताना
मी माझ्याच बोटाकडं बघत बसले.

ताई, टाकू का कोपा?

आणि गेली.
सातही जण एका सुरात म्हणाले, गेली.
पोरगा म्हणाला, आता दोन तास.
मी दारात येऊन पाहिलं,
समोरच्या झेरॉक्सवाल्याचा पंखा फिरत होता.

म्हणजे लाईन नाही गेली.
इथंच कुठंतरी.

पर्समध्ये कंगवा, पासबुक, सुटे पैसे,
तळाशी टेस्टर.
फॉर्म सेव्ह झाला होता की नाही कोण जाणे.
मी म्हणाले, बोर्ड कुठाय?
आणि स्टूल आहे का, लाकडी?