करंगळी

पुतणीनं तबकडी आणली.
कव्हरवर चार गोरी पोरं, मिसरूड न फुटलेली,
मागे बारीक अक्षरांत: ओ. क्रेनशॉ.
स्पेलिंग चुकलेलं.

डेट्रॉइटच्या त्या स्वयंपाकघरात
सुई टेकली तशी खिडकीची काच थरथरली.
"केवढ्यानं वाजवतात गं," ओथा म्हणाला.
पाय मात्र आपसूक ठेका धरून होता.

दुसऱ्या कडव्यानंतर एक सूर हवा,
जो त्याला कधी लागलाच नाही:
डावी करंगळी मिसिसिपीत,
सॉ-मिलच्या पात्याखाली,
सत्तावीस सालीच राहिली.

पोरांना बोटं दहाच्या दहा,
वर वीजही हाताशी.
तरी नेमकी तेवढीच जागा
त्यांनी रिकामी सोडली होती,
देव्हाऱ्यातल्यासारखी, जपून.

ओथानं हात टेबलाखाली घेतला.
"सुई जरा मागे घे," म्हणाला.