तळातलं झाकण

पहिल्या कंपनीतल्या पोराने विचारलं, इंजिन नंबर?
म्हटलं, इंजिन नाही. जीपमागे ओढतो.
मग चासी नंबर?
तो भोसरीत इर्शाद शिकलगारने वेल्डिंग संपल्यावर
स्वतःच्या मुलीची जन्मतारीख म्हणून ठोकलाय.
चालेल?
पोराने मागवलेला चहा परत पाठवला.

दुसरीकडे घर म्हणून विचारलं.
सात बाय अकरा. बाहेर पत्रा, आत प्लायवूड,
झोपायला दोन फळ्या, एक स्टो,
आणि पीएमटीच्या भंगारातली खिडकी,
तिच्यावर अजून लिहिलेलं: हात बाहेर काढू नये.
बाई म्हणाल्या, पत्ता सांगा.
सोम ते शुक्र हडपसर, आमच्या सोसायटीमागे,
जिथे सेक्रेटरी दामले रोज एक नवी चिठ्ठी चिकटवतात.
शनिवार-रविवार पानशेतचा फुगवटा.
म्हणाल्या, घराला पत्ता एकच लागतो.
आणि गाडीला इंजिन.
आणि तुम्हाला, काका, वेळ खूप दिसतोय.

नारायण पेठेतल्या मृण्मयी ओगले मात्र
स्वतः बघायला आल्या.
टायरवर बोट दाबलं, पत्र्यावर टिचकी मारली,
चटई उचलली.
हे काय?
झाकण.
ते दिसतंय. खाली काय?
भोक.

मग सांगावंच लागलं.
भाचा मिनेसोटात. त्याने फोटो पाठवला होता,
गोठलेलं तळं, त्यावर ओढत नेलेली घरं,
आणि आत माणसं बनियनवर बसून
तळातल्या भोकातून गळ सोडतायत.
तीन रात्री मला झोप नाही.
पुण्यात बर्फ मिळतो तो लादीच्या हिशोबाने,
भुशात गुंडाळलेला. त्यावर घर कुठलं उभं राहतंय!
पण धरण भरत आलं की तिथला एक जुना डांबरी रस्ता
कुणाला न विचारता सरळ पाण्यात उतरतो.
हातभर खोल मधला पांढरा पट्टासुद्धा दिसतो.
त्यावर मी घर उलटं लोटतो
चाकं अर्धी बुडेपर्यंत. पुढे-मागे दगड.
झाकण उघडलं की
घराच्या मधोमध धरण.
कणकेत हिंग घालायचा, बोराएवढी गोळी.
सोबत फ्रान्सिस वाघमारे, कारण तो बोलत नाही.
एकदा एक शिंगाळा थेट चटईवर आला,
तर फ्रान्सिसने त्याला नुसता नमस्कार केला.

ओगलेबाई लिहीत होत्या. थांबल्या.
म्हणाल्या, पूर घरात आला तर भरपाई आहे.
पण हा पूर आलेला नाही.
तुम्ही पुराकडे गेलात.

सही करायला ऑफिसात गेलो तेव्हा
खुर्चीमागच्या भिंतीवर, त्यांच्या खांद्याच्या वर,
एक आडवी रेघ दिसली. खाली फक्त सन: १९६१.
त्या म्हणाल्या, रंग काढताना बाबा ती सोडायला सांगायचे.
हेच पाणी तुमच्या भोकातलं.
मी म्हटलं, हो.
बराच वेळ पंखा फिरत राहिला.

मिळालं ते असं:
आग, चोरी, रस्त्यावरची टक्कर,
दामल्यांनी केलेलं नुकसान सिद्ध झाल्यास तेही.
हप्ता चार हजार तीनशे बारा.
पाण्याच्या कडेपर्यंत.
टायर ओला झाला की पॉलिसी कोरडी,
असं त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

शनिवारी मी पिवळ्या रंगाचा डबा नेला,
पाण्याच्या कडेला रस्त्यावर आडवी रेघ मारली.
फ्रान्सिसने विचारलं, हे काय?
वर्षभरातलं त्याचं पहिलं वाक्य.
म्हटलं, इथपर्यंत आपण शहाणे.

पुढच्या शनिवारी रेघ दिसेना.
पाणी वीस पावलं वर चढलेलं.
घर लोटलं, दगड लावले, झाकण उघडलं.
खाली, पांढऱ्या पट्ट्याला छेदून,
माझी पिवळी रेघ जरा जरा हलत होती
आणि एक छोटा मासा
तिच्यावरचं शेवाळ खात होता,
रेघेच्या कधी या बाजूला,
कधी त्या.