शिडी एकच

कुष्टा, खळ पातळ झाली, मैदा घाल थोडा,
आणि तो कोळसा टाक खाली.
रुजारच्या नावापुढे जे लिहायचं तुझ्या मनात आहे
ते मला ठाऊक आहे. हसूही येतं. तरी नको.

माझं मत सुलक्षाला. लपवत नाही.
मानशीच्या दारासाठी अकरा वर्षं
पणजीच्या कचेऱ्यांत तिने चपला झिजवल्या,
हे मी चोडणभर सांगेन, घसा बसेपर्यंत.
त्यात रुजारची निंदा कुठे बसवू?
जागाच उरत नाही.

अमावास्येच्या भरतीला बांध फुटला,
तेव्हा चिखलाची पहिली पाटी कुणी उचलली,
आठवतं? मला नाही.
काळोख होता, सगळेच कमरेपर्यंत खाऱ्या पाण्यात.
माझ्या हातातली पाटी
पुढच्या कुणाच्या तरी हाताने घेतली,
एवढंच.

रविवारी पक्षाच्या खोलीत पेटी उघडेल.
एक नाव निघेल.
दुसरं घरी जाईल, पाय धुईल, पेज जेवेल,
आणि सोमवारी आपल्याला त्याच्याच दारात उभं राहायचंय:
चल, प्रचाराला निघूया.
तेव्हा कुठलं तोंड न्यायचं
ते आज ठरतंय, या भिंतीपाशी.

शिडी धर.
रुजारच्या घरची आहे ही, सुलक्षानेच मागून आणली.
देताना म्हणाला, तिसरी पायरी हलते,
पोरांना सांग.

हं. आता दे वर.
कुठला कागद आधी?
हाताला लागेल तो.