वायसर

उद्यमनगरात, आमच्या लेथच्या दारात
तो आला तेव्हा तळहाताएवढा होता.
शेपूट पाठीवर वळलेलं, दीड वेटोळं,
टोक जरा उचललेलं, स्प्रिंग वायसरसारखं.
इलाहीचाचा म्हणाले, हेच नाव.

सात वर्षं तीच म्हण ऐकली त्यानं,
नळीत घातलं तरी वाकडं.
आमच्याकडं तर नळ्याच नळ्या,
पाऊण इंची, दीड इंची, गंजक्या, नव्या.
चहा घेता घेता कुणीतरी एक उचलायचा
आणि वायसर मागं सरायचा, हसल्यागत.

त्या मंगळवारी शेपूट सरळ होतं.

बुडाशी चार बोटं ताठ, आणि पुढं
ओली सुतळी लोंबावी तसं.
पोरं म्हणाली, घ्या, झालं एकदाचं.
कुणाची नळी रं?
चाचा हसले नाहीत. मशीन बंद केलं.
वायसर बसायला बघत होता
आणि बसत नव्हता.

नेजदार बाईंचा दवाखाना शाहूपुरीत, वर जिना.
टोकाकडून दोन बोटांनी चाचपत त्या वर आल्या,
माळेतला एकेक मणी सरकवावा तसं.
बुडाशी पोचल्यावर वायसर केकाटला.
"काल कुठं होता हा?"
कळंब्याच्या तलावात, बाई. सुट्टी होती.
पोरांनी चप्पल फेकली, ह्यानं आणली.
दिवसभर. जानेवारीचं पाणी.
"मोडलं नाही. दमलंय.
शेपूटपण पोहतं, हे तुमच्या ध्यानातच नसतं."

बाकावर ताराबाई पार्कातलं एक चपट्या नाकाचं होतं,
शेपूट म्हणजे कणकेत रुतलेला स्क्रू.
मालकीणबाईंना ते फार गोड वाटायचं.
नेजदार बाईंनी घडी उघडून दाखवली.
आत लाल, ओलं, वास.
"असाच पीळ कधी वर कण्यातही असतो,"
एवढंच बोलल्या, आणि कापूस मागितला.

निघताना मी टेबलाला धरून उठलो.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
"आणि तुमची कंबर? कधीपासून?"
लेथवर उभं राहून होतंच की असं, मी म्हणालो.
सव्वीस वर्षं. कुणी विचारलं नव्हतं.
मला लोंबायला काही नाही, कळणार कसं.

तो कॉम्प्रेसरच्या उबेला पडून राहिला.
चाचांनी स्कूटरवरचं गोणपाट काढून खाली घातलं.
शुक्रवारी टोक हललं.
शनिवारी भाकरीचा डबा उघडल्यावर एक वीत वर.
रविवारी आठवड्याचा पगार,
गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं,
आणि दुपारी बघतो तर
वाकडं. पहिल्यासारखं. दीड वेटोळं.

पोरांनी नळी उचलली नाही.
चाचांनी मशीन सुरू केलं.
मी कमरेवर हात ठेवून उभा,
बराच वेळ
त्या वाकडेपणाकडं बघत.