मोजमाप पुस्तक, पान एकोणसाठ

पहिल्या बैठकीत आर्किटेक्टनं पडद्यावर रोम दाखवलं :
नदीकाठी पांढरी इमारत, काचेच्या भिंती,
आत दोन हजार वर्षांची संगमरवरी वेदी
आणि तिच्यावर पडलेलं ऊन, वस्त्रगाळ.
"असंच करायचं. पण आपलं."
कार्यकारी अभियंत्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.
आपलं म्हणजे काटोल रोड सोडून आत,
मुरमाच्या माळावर गोल करून बसलेले काळे दगड,
पंगत मांडून वाढपी निघून गेल्यासारखे.
वेदीहून जुने, म्हणे. कितीनं, ते कोणी नक्की सांगेना.

मी कनिष्ठ अभियंता. हातात तीस मीटरचा टेप.
जुन्या नकाशात शिळा बत्तीस.
जागेवर एकतीस.
तीनदा मोजल्या, एकदा उलट्या फिरून,
प्रत्येकीवर खडूनं आकडा टाकत.
टेपचं दुसरं टोक झिंगरू कुमरेच्या हातात,
लहानपणी इथंच शेळ्या चारलेला,
आता एजन्सीच्या निळ्या शर्टात चौकीदार.
"बत्तिसावी कुठाय?"
त्यानं मोहाच्या झाडाकडं पाहिलं.
"असन कुठीसा, मॅडम. गोट्याले का पाय असते?"

काच आली मे महिन्यात, ट्रकमध्ये उभी,
दुपारी तिला हात लावला की कातडी सोलून निघे,
म्हणून पोरं रात्री बसवायची, हॅलोजनच्या उजेडात,
एकमेकांना शिव्या देत, फार जपून.
माळावरची टिटवी महिनाभर भोवती ओरडत फिरली.
तिची अंडी घालायची जागा
आराखड्यात तिकीटघर होती.

मग एसी सुरू झाला. बाहेर सेहेचाळीस, आत चोवीस.
दगडांना त्या वर्षी पहिल्यांदाच
उन्हाळा आला नाही.

शिळांवर वाटीएवढे खळगे आहेत, रांगेनं कोरलेले.
तज्ज्ञ आले, कोणी नक्षत्रं म्हणाले, कोणी हिशेब,
जेवणाच्या सुट्टीतही भांडले,
आणि पाटीवर 'प्रयोजन अनिश्चित' लिहून गेले.
मी खळग्यांची खोली मोजली : दोन सेंटिमीटर, अडीच, दोन.
सगळे कोरडे, रोज ब्रशनं साफ केलेले.

उद्घाटनाच्या आधी झिंगरूला ऊन लागलं.
हजेरीपटावर सही हवी होती, म्हणून मी त्याच्या घरी गेले.
मागच्या अंगणात, न्हाणीच्या कडेला
ती होती.
साबणाचा ओघळ, एका टोकाला वाळत घातलेलं पोराचं पॅन्ट,
आणि वर सात खळगे, सातही पाण्यानं भरलेले.
दोन मुनिया पीत होत्या. मला पाहून एक उडाली,
दुसरीनं आधी पिणं संपवलं.
मी हात ठेवला. चटका बसला.

खाटेवरून झिंगरू म्हणाला,
"आज्यानं आनला होता बंडीत, घराच्या पायव्यात घालाले.
बसला नाई थो. मंग राह्यला."
आणि थोड्या वेळानं, भिंतीकडं तोंड करून :
"पाखरांले पानी लागते नं."
त्याच्या बायकोनं मला कैरीचं पन्हं दिलं.
मी ग्लास ठेवायला जागा शोधली
आणि दगडावर ठेवला नाही.

रात्री मोजमाप पुस्तक उघडलं.
शिळा क्रमांक ३२ : जागेवर आढळली नाही.
'जागेवर' हा शब्द दोनदा वाचला.
चालण्यासारखा होता. सही केली.

अजून जाते कधी, शाळांच्या सहली नसतात तेव्हा.
काचेतून ऊन येतं, आर्किटेक्टनं सांगितलं होतं तसंच,
दगडांवरून सरकतं, कोणालाही न भाजता.
एकतिसावी आणि पहिली यांच्यामध्ये
साठ सेंटिमीटरची फट आहे.
झिंगरू तिथं प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो.
क्युरेटर दोनदा ओरडले.
तो म्हणतो, इथूनच सगळं बरोबर दिसते जी.