खोली क्रमांक नऊ

माझं काम सोपं आहे :
नाकाला चिमटा लावायचा,
तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची
आणि ओरडायचं, फुंका फुंका फुंका, अजून,
थांबू नका, अजून थोडं…
सहा सेकंद. तीनदा.
तिन्हींतला त्यातल्या त्यात बरा धरायचा.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात
अकरा वर्षं मी ओरडतोय.

मानवतचा मुंजाजी, जिनिंगात रेच्यावर.
बाजारच्या दिवशी रेचे बंद,
दुसऱ्या दिवशी पाळीवर गेला की
छातीवर बोंदरी ठेवल्यासारखं होतं त्याला.
‘दोन रोजानं होतंय सवयीचं,’ म्हणतो.
वसमतचा खाजामियाँ हळदीच्या ढोलावर.
रुमालात खोकतो, रुमाल उलगडत नाही.
मीही विचारत नाही रंग.
पूर्णेचे म्हातारे फायरमन,
कोळशाची इंजिनं कधीच भंगारात गेली,
यांच्या छातीत एक अजून शंटिंग करतंय.

मग बायका.
बिडी? नाही.
सिगारेट? पदर तोंडाला लावून हसतात,
हसता हसता खोकतात.
व्यवसाय? घरकाम.
मशीनला घरकाम म्हणजे काहीच नाही.
आणि रेघ येते ती
जुन्या बाजेसारखी, मधेच खचलेली.
पाथरीची असो, सोनपेठची असो,
तीच बाज.

पालमच्या द्रुपदाबाईनं नळी उलटीपालटी करून पाहिली,
‘फुकणीवानी फुकायचं का रं, बाप्पा?’
मी म्हटलं, हो, तसंच.
तिला ओरडावं लागलं नाही.
मान बाजूला वळवून श्वास घेतला,
नळीशी आली,
डोळे गच्च मिटले
आणि फुंकलं.
खोलीत धूर नव्हता.

त्या दिवसापासून मी कागदाच्या कडेला
पेन्सिलनं लिहायला लागलो.
कुणी सांगितलं नव्हतं.

परवा डॉक्टर मॅडम आल्या, प्रबंधासाठी.
कुठल्या रोग्यांत कुठला आजार किती,
पाच वर्षांचे कागद हवे होते.
कपाट उघडलं.
मशीनचा कागद उन्हाळ्यात टिकत नाही,
आधी करडा होतो, मग फिका, मग काहीच नाही.
मुंजाजीचा श्वास कोरा.
खाजामियाँचा कोरा.
द्रुपदाबाईचे तिन्ही.
कडेची पेन्सिल तेवढी उरलेली :
सरकी. हळद. कोळसा.
पऱ्हाटी. पऱ्हाटी. तुराटी. गोवऱ्या. पऱ्हाटी.

‘हे धरता येणार नाही मला,’ मॅडम म्हणाल्या.
खरंच होतं ते.
पण उठल्या नाहीत.
कागद उलटत राहिल्या बराच वेळ,
मग एकावर बोट ठेवून विचारलं,
पऱ्हाटी म्हणजे काय?

बाहेर बाकावर सातजणी बसल्या होत्या,
एकीची उबळ थांबायची वाट बघत बाकीच्या गप्प.
मी म्हटलं, बसा मॅडम.
पुढची आत येऊ द्या.