गाळणी

तळघरात एक लाकडी फळा आहे.
त्यावर महिन्याच्या तारखा, तारखांखाली भोकं.
ज्या भोकात तुमचं कुलूप, ती तुमची धुण्याची पाळी.
माझं कुलूप एकवीस नंबरचं.
पहिले दोन महिने मला वाटायचं, शोभेला लावलंय.
मी न्हाणीघरात, बादलीत, हातांनीच धूत राहिले
आणि नॉर्शोपिंगचा नोव्हेंबर
एक मोजा वाळू देईना.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या गुनवोरने
दंडाला धरून मला खाली नेलं.
लेतेब्रहान तिच्या तोंडात बसेना,
म्हणाली, बरं, एकवीस.
आणि माझं कुलूप रविवारात खुपसलं, सात ते दहा,
जणू शेताचा तुकडाच नावावर करून दिला.

केरेनला पाणी गाढवावरून यायचं.
घमेल्यात आधी पांढरं, मग रंगीत,
शेवटी भावाची विजार,
उरलेलं लिंबाच्या झाडाला.
इथलं पाणी कुठं जातं, कुणी सांगत नाही.
मी यंत्रासमोर बसून राहिले.
काचेआड नेत्सेला फिरत होती,
बस सुटताना आईने खिडकीतून आत फेकलेली.

पुढच्या रविवारी दारावर चिठ्ठी.
कचेऱ्यांची पाकिटं सोडली तर
या देशात मला आलेलं पहिलं पत्र.
शब्दकोश घेऊन जिन्यातच बसले.
दर तीन मिनिटांनी दिवा विझे.
उठायचं, बटण दाबायचं, पुढचा शब्द.
'कृपया' सापडला. 'नंतर' सापडला.
'लुड्ड' सगळ्यात शेवटी:
कपड्यांची झडलेली लव.
ती गाळणीत साचते. कुणीतरी साचवली होती.
कुणी, ते लिहिलं नव्हतं,
नुसती तीन उद्गारचिन्हं.

गाळणी ओढून पाहिली.
बोटभर जाड, पांढरी, अजून कोमट.
टाकवेना.
चिठ्ठीत गुंडाळली, कोटाच्या खिशात ठेवली.

परवा माझ्या पाळीला उतरले
तर गाळणीत कुणाच्या तरी टॉवेलची निळी लव.
असा संताप आला,
भावाच्या विजारीवर यायचा तसा, घरचा.
तिथेच उभ्याउभ्या चिठ्ठी लिहिली,
उद्गारचिन्हं तीन. एक जास्तच. चार.

रात्री कचरा टाकायला गेले तेव्हा पाहिलं,
गाळणी स्वच्छ.
आणि लुड्डमधला माझा राहून गेलेला एक डी
कुणीतरी पेन्सिलीने, हलक्या हाताने,
मध्ये बसवला होता.